योग्य व्हिडिओ अडॅप्टर कसा निवडावा: लॅपटॉप, डेस्कटॉप आणि मोबाईल पडद्याला जोडण्याची क्रमवार रीत

लॅपटॉपचे चित्र प्रोजेक्टरवर येत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांच्या हातात एक कोरा करकरीत अडॅप्टर असतो आणि तो दोन्ही टोकांना व्यवस्थित बसतही असतो. घोटाळा तिथेच होतो, कारण पिन खाचेत बसली म्हणजे चित्र जाणारच, असे गृहीत धरून खरेदी झालेली असते. खाचेचा आकार सर्वात शेवटी पाहायचा असतो. त्याआधी चित्र कुठून कुठे जाणार आहे, दोन्ही बाजूंचा सिग्नल एकाच जातीचा आहे की नाही आणि आपल्या उपकरणाच्या त्या विशिष्ट पोर्टमधून मुळात चित्र बाहेर पडते की नाही, हे तीन प्रश्न सोडवावे लागतात. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि हा क्रम न मोडता गेल्यास परत करावा लागणारा अडॅप्टर सहसा घरी येत नाही.

टप्पा १: दोन्ही टोकांची पाहणी

मागणी नोंदवण्यापूर्वी दोन्ही उपकरणांच्या पोर्टचे मोबाईलने जवळून फोटो काढावेत आणि पोर्टशेजारी छापलेली बारीक चिन्हेही त्यात स्पष्ट दिसतील असे पाहावे. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक तळाच्या स्टिकरवर असतो, तर टीव्ही, मॉनिटर किंवा प्रोजेक्टरचा मागच्या किंवा खालच्या बाजूला असतो. तोही टिपून घ्यावा, कारण चौथ्या टप्प्यात त्याच्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पोर्ट ओळखताना पुढील खुणा उपयोगी पडतात.

व्हीजीए पोर्टमध्ये तीन ओळींत १५ छिद्रे असतात, तो बहुधा निळ्या रंगाचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्क्रू बसवण्याची सोय असते. केबलच्या टोकाकडे पाहिल्यावर मधल्या ओळीतली एक पिन नसल्याचे अनेकदा दिसते. ही नवव्या क्रमांकाची पिन बऱ्याच केबलींमध्ये मुळातच दिलेली नसते, त्यामुळे पिन तुटली असे समजून केबल फेकून देऊ नये.

डीव्हीआय हा त्याहून रुंद आणि बहुधा पांढरा पोर्ट असतो. त्याच्या एका टोकाला एक आडवी चपटी फट असते. त्या फटीच्या वर-खाली चार छिद्रे असतील तर तो डीव्हीआय-आय आणि नुसतीच फट असेल तर डीव्हीआय-डी. हा फरक तिसऱ्या टप्प्यात निर्णायक ठरतो.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट यांची गल्लत सर्वाधिक होते. एचडीएमआयचे खालचे दोन्ही कोपरे निमुळते असतात, तर डिस्प्लेपोर्टचा एकच कोपरा कापलेला असतो. एचडीएमआयची मिनी आणि मायक्रो अशी दोन लहान रूपेही आहेत. डिजिटल कॅमेऱ्यांवर ती आढळतात आणि रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर दोन मायक्रो एचडीएमआय पोर्ट असतात. मायक्रो एचडीएमआय लांबून मोबाईलच्या जुन्या मायक्रो यूएसबीसारखा दिसतो, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

उरला तो दोन्ही बाजूंनी गोलाई असलेला लहानसा टाइप-सी. त्याच्यावर स्वतंत्र टप्पा आहे.

खबरदारी: टीव्हीच्या मागे असलेला चौकोनी यूएसबी पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतो. लॅपटॉपचा यूएसबी आणि टीव्हीचा यूएसबी यांना केबलने जोडून चित्र कधीही येत नाही. दोन्ही टोकांना तीच चौकोनी पिन असलेली केबल आणून तसा प्रयत्न केल्यास दोन्हीकडची वीज एकमेकांवर येऊन उपकरण बिघडू शकते.

टप्पा २: चित्र कुठून कुठे जाणार, हे ठरवणे

चित्र निर्माण करणारे उपकरण हे उगम आणि ते दाखवणारे उपकरण हा पडदा. लॅपटॉप, डेस्कटॉप, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा आणि फोन हे उगम. टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर हे पडदे. बाजारातले बहुतेक अडॅप्टर एकाच दिशेने चालतात आणि पुडक्यावरच्या नावात आधी उगमाचा पोर्ट, मग पडद्याचा पोर्ट, असा क्रम असतो. म्हणजे ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ हा अडॅप्टर एचडीएमआय असलेल्या नव्या लॅपटॉपचे चित्र व्हीजीएच्या जुन्या प्रोजेक्टरवर नेईल. व्हीजीए असलेल्या जुन्या संगणकाचे चित्र नव्या टीव्हीवर न्यायचे असेल तर ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हे वेगळेच उपकरण लागते. दोघांची बाह्य रूपे इतकी मिळतीजुळती असतात की दुकानातही अदलाबदल होते. गर्दीच्या वेळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत केवळ ‘एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर द्या’ एवढेच म्हटले, तर हातात काय पडेल याची शाश्वती नाही. ‘लॅपटॉपला एचडीएमआय आहे, प्रोजेक्टरला व्हीजीए आहे’ असे पूर्ण वाक्य बोलावे.

डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय यांच्या जोडीलाही हाच नियम लागू आहे. डिस्प्लेपोर्टचा उगम आणि एचडीएमआयचा पडदा ही जोडणी स्वस्तात होते. उलट दिशेला, म्हणजे एचडीएमआयच्या लॅपटॉपवरून फक्त डिस्प्लेपोर्ट असलेल्या मॉनिटरकडे जायचे असेल, तर आत रूपांतर करणारी चिप असलेला आणि सहसा यूएसबीतून वेगळी वीज घेणारा महाग कन्व्हर्टर घ्यावा लागतो. डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआयची साधी केबल उलटी करून लावल्याने हे काम होत नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. लॅपटॉपवरचा एचडीएमआय पोर्ट जवळपास नेहमी बाहेर जाण्याचाच असतो. सेट-टॉप बॉक्स किंवा कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपच्या पडद्यावर पाहण्यासाठी अनेक जण त्या पोर्टला केबल लावतात आणि लॅपटॉप नादुरुस्त आहे असा निष्कर्ष काढतात. त्या कामासाठी यूएसबीला जोडायचे एचडीएमआय कॅप्चर कार्ड लागते; कोणताही अडॅप्टर ते करू शकत नाही.

तपासणी: कागदावर ‘उगमाचा पोर्ट, बाण, पडद्याचा पोर्ट’ अशी एक ओळ लिहून ठेवावी. पुढच्या सर्व टप्प्यांत हीच ओळ समोर ठेवावी.

टप्पा ३: सिग्नलची जात जुळवणे

व्हीजीएमधून ॲनालॉग सिग्नल जातो. एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय-डी हे डिजिटल आहेत. डीव्हीआय-आय या पोर्टमध्ये दोन्ही प्रकारच्या तारा असतात. एका जातीतून दुसऱ्या जातीत जायचे असेल तर मध्ये रूपांतर करणारी चिप असलीच पाहिजे. अशा चिपवाल्या अडॅप्टरला ‘ॲक्टिव्ह’ म्हणतात आणि जो केवळ तारा एका आकारातून दुसऱ्या आकारात नेतो त्याला ‘पॅसिव्ह’.

त्यामुळे एचडीएमआयचे एक टोक आणि व्हीजीएचे दुसरे टोक असलेली, मध्ये कसलीही जाड डबी नसलेली आणि अत्यंत स्वस्त केबल दिसली, तर ती घेऊ नये. अशा केबलींमध्ये तारा फक्त एकमेकींना जोडलेल्या असतात आणि सर्वसाधारण लॅपटॉपवर त्या काहीही दाखवत नाहीत. टोकाच्या फुगीर आवरणातच चिप बसवलेल्या चांगल्या केबलीही मिळतात, म्हणून निव्वळ रूपावरून अंतिम निर्णय न देता वर्णनात ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द किंवा चिपचा उल्लेख शोधावा.

एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी या दोहोंत चित्राची भाषा एकच असल्याने त्यांच्यात साधा पॅसिव्ह अडॅप्टर पुरतो आणि तो दोन्ही दिशांना चालतो. फक्त आवाजाची वेगळी व्यवस्था करावी लागते. डीव्हीआय-आय पोर्टवरून व्हीजीएकडे जाण्यासाठीही साधा अडॅप्टर चालतो, कारण ॲनालॉग सिग्नल त्या पोर्टमध्ये आधीपासूनच असतो. तोच अडॅप्टर डीव्हीआय-डी पोर्टमध्ये मात्र शिरतच नाही. फटीभोवतीच्या चार पिनांना तिथे छिद्रे नसतात. त्या पिना पक्कडीने मोडून अडॅप्टर बसवल्याची उदाहरणे अधूनमधून पाहायला मिळतात. बसवल्यावरही चित्र येत नाही, कारण ज्या तारांतून ते यायचे होते त्याच मोडलेल्या असतात.

डिस्प्लेपोर्टच्या बाबतीत पोर्टशेजारी ‘डीपी’ या चिन्हासोबत दोन अधिक चिन्हे आहेत का, ते पाहावे. ती असतील तर तो पोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयच्या भाषेत बोलू शकतो आणि पॅसिव्ह अडॅप्टर पुरेसा होतो. मात्र साधे पॅसिव्ह अडॅप्टर फुल एचडीसाठी (१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या चित्रासाठी) योग्य असतात; ४के, म्हणजे त्याच्या चौपट ठिपक्यांच्या पडद्यावर ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे हवी असतील किंवा पोर्टवर ती चिन्हे नसतील, तर ॲक्टिव्ह अडॅप्टर घ्यावा.

खबरदारी: एकापुढे एक अडॅप्टर जोडून लगोरी रचू नये. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय, त्यावरून डीव्हीआय आणि तिथून व्हीजीए अशी साखळी कागदावर शक्य वाटली तरी प्रत्येक सांध्यावर वीज, वेग किंवा पडद्याची माहिती हरवण्याचा धोका वाढतो. उगम ते पडदा एकच अडॅप्टर आणि एकच केबल, हे धोरण ठेवावे.

टप्पा ४: टाइप-सी असल्यास आधी त्या पोर्टची क्षमता पडताळणे

सर्वाधिक पैसे याच टप्प्यावर वाया जातात. टाइप-सी हे फक्त खाचेच्या आकाराचे नाव आहे. त्यातून केवळ चार्जिंग होईल, चार्जिंग आणि डेटा दोन्ही होतील, की चित्रही बाहेर पडेल, हे उपकरणाच्या आतल्या जोडणीवर ठरते आणि बाहेरून तिन्ही पोर्ट सारखेच दिसतात. टाइप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर पोर्टला चित्र देण्याची क्षमता देत नाही. पोर्टमधून डिस्प्लेपोर्टचा सिग्नल आधीच येत असेल, तरच तो अडॅप्टर त्याचे एचडीएमआयमध्ये रूपांतर करतो. या सोयीचे तांत्रिक नाव ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असे आहे आणि मॉडेलच्या तपशिलात नेमका हाच उल्लेख शोधायचा असतो.

लॅपटॉपवर खात्री करून घेण्याच्या रीती अशा:

१. पोर्टशेजारी विजेच्या बाणाचे थंडरबोल्ट चिन्ह किंवा डिस्प्लेपोर्टचे ‘डी’ आणि ‘पी’ गुंफलेले चिन्ह असल्यास चित्र मिळेल. केवळ बॅटरीचे चित्र असेल, किंवा यूएसबीचा त्रिशूळ आणि त्याच्या शेजारी ५ वा १० हा आकडा असेल, तर त्यावरून चित्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या खुणा चार्जिंग आणि डेटाच्या वेगाच्या आहेत.

२. चिन्ह नसल्यास उत्पादकाच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून पोर्टचा तपशील वाचावा. तिथे ‘ऑल्ट मोड’, ‘डिस्प्लेपोर्ट आउटपुट’, ‘थंडरबोल्ट ३’, ‘थंडरबोल्ट ४’ किंवा ‘यूएसबी ४’ यांपैकी काही लिहिलेले असले पाहिजे. ‘यूएसबी ३.२ टाइप-सी’ एवढेच लिहिले असेल तर ते पोर्ट फक्त डेटासाठी असण्याची शक्यता गृहीत धरावी.

३. एकाच लॅपटॉपवर दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्ही सारखे समजू नयेत. काही मॉडेलांत एकातूनच चित्र मिळते.

मोबाईलच्या बाबतीत अपेक्षा बेताची ठेवावी. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनमध्ये टाइप-सी पोर्ट यूएसबी २ च्या वेगाचा असतो आणि त्यातून चित्र मिळत नाही. सॅमसंगच्या एस मालिकेतील एस ८ पासूनचे फोन आणि ॲपलचे आयफोन १५ पासूनचे फोन टाइप-सीतून चित्र देतात. त्याआधीच्या लायटनिंग पोर्टच्या आयफोनना ॲपलचा डिजिटल एव्ही अडॅप्टर लागतो आणि त्यातून जास्तीत जास्त फुल एचडी चित्र मिळते. ज्यांच्या फोनला ही सोय नाही, त्यांनी केबलच्या मागे न लागता टीव्हीवर बिनतारी कास्टिंग करावे, हा व्यवहार्य मार्ग आहे. ‘सर्व फोनला चालतो’ असे छापलेल्या अडॅप्टरवर विश्वास ठेवू नये.

मॅकबुक वापरणाऱ्यांनी बाहेरच्या पडद्यांची कमाल संख्याही पाहावी. एम १ आणि एम २ चिपचे मॅकबुक एअर थेट एकच बाहेरचा पडदा चालवतात; एम ३ चे एअर झाकण बंद ठेवल्यास दोन चालवते. त्यामुळे दोन एचडीएमआय असलेला सर्वसाधारण हब, म्हणजे एका टाइप-सीतून अनेक पोर्ट देणारी डबी, या मशीनना लावला, तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. हबमध्ये बिघाड नसतो. विंडोज ज्या पद्धतीने एका पोर्टवरून दोन स्वतंत्र चित्रे पाठवते, ती पद्धत मॅकची प्रणाली वापरतच नाही.

हब निवडताना दोन गोष्टी तपशिलात वाचाव्यात. पहिली म्हणजे ‘४के’ या शब्दापुढचा आकडा. टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार मार्गिका असतात. हबला यूएसबी ३ चा वेगही द्यायचा असेल तर त्यांतल्या दोनच चित्रासाठी उरतात आणि जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने त्या दोघींमधून ४के चित्र ३० हर्ट्झनेच जाते. ३० हर्ट्झवर चित्रपट पाहताना फारसे जाणवत नाही, पण माउसचा बाण पडद्यावर ओढला की अडखळत सरकतो आणि दिवसभर मजकूर टंकणाऱ्याला ते नकोसे होते. ६० हर्ट्झ हवे असेल तर हब आणि लॅपटॉप दोघांनीही डिस्प्लेपोर्ट १.४ स्वीकारलेले असावे. दुसरी गोष्ट म्हणजे चार्जिंगची वाटचाल: लॅपटॉपला एकच टाइप-सी पोर्ट असेल तर चार्जर हबमधून जाऊ देणारा, म्हणजे ‘पॉवर डिलिव्हरी’ असलेला हब घ्यावा. हब स्वतःसाठी काही वॅट ठेवून घेतो. जेमतेम पुरणारा चार्जर असेल तर बॅटरी हळूहळू उतरताना दिसेल.

पोर्टमधून चित्र मिळतच नाही असे निष्पन्न झाले, तर चित्र साध्या यूएसबी डेटाच्या रूपात पाठवणाऱ्या डिस्प्लेलिंक तंत्राचा यूएसबी अडॅप्टर हा पर्याय उरतो. तो साध्या चौकोनी यूएसबी पोर्टवरही चालतो, मात्र त्याला संगणकावर ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, बसवावे लागते. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते आणि तिथे सशुल्क ओटीटी चित्रपट बहुधा काळा पडदा दाखवतात. कार्यालयीन कामासाठी तो उत्तम आहे. खेळ आणि चित्रपटांसाठी घेऊ नये. ज्या संगणकावर ड्रायव्हर बसवण्याची मुभा नाही, उदाहरणार्थ कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर, तिथे आधी विचारून घ्यावे.

तपासणी: ज्याच्या लॅपटॉपवर चित्र येते अशा मित्राचा अडॅप्टर पाच मिनिटांसाठी आपल्या लॅपटॉपला लावून पाहणे, ही सर्वात खात्रीची आणि बिनखर्चाची परीक्षा आहे.

टप्पा ५: रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट

जोडणीतील सर्वात कमकुवत घटक अंतिम चित्र ठरवतो. ४के टीव्ही, ४के लॅपटॉप आणि एचडीएमआय १.४ चा अडॅप्टर असेल तर ४के चित्र ३० हर्ट्झवरच अडकेल. ४के ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० आणि १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ लागते. केबल घेताना अनुक्रमे ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ अशी छपाई शोधावी. त्यांची क्षमता सेकंदाला १८ आणि ४८ गिगाबिट आहे. काही टीव्हींवर पूर्ण क्षमता मिळण्यासाठी त्या एचडीएमआय पोर्टची सेटिंगही चालू करावी लागते. सॅमसंगमध्ये ती ‘इनपुट सिग्नल प्लस’ आणि एलजीमध्ये ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’ या नावाने आढळते.

शाळा, मंगल कार्यालये आणि सभागृहांतले अनेक प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ किंवा १२८० बाय ८०० एवढेच मूळ चित्र दाखवतात. तिथे ४के अडॅप्टरवर खर्च करण्यात काही अर्थ नाही. फुल एचडीचा ॲक्टिव्ह एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर पुरेसा आहे.

टप्पा ६: आवाज, वीज आणि संरक्षित मजकूर

व्हीजीएमधून आवाज जात नाही. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घेताना त्याला हेडफोनसारखे ३.५ मिलिमीटरचे आवाजाचे छिद्र आहे का, ते पाहावे आणि तिथून सभागृहाच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी केबलही सोबत घ्यावी. हे छिद्र असलेला कन्व्हर्टर लावताच विंडोज आवाज आपोआप त्याच्याकडे वळवते आणि लॅपटॉपचे स्पीकर गप्प होतात. अशा वेळी खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाचे ठिकाण पुन्हा निवडावे.

एचडीएमआय पोर्ट ५ व्होल्टवर किमान ५५ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह देण्यास बांधील असतो. काही कन्व्हर्टरना तो अपुरा पडतो. चित्र क्षणभर येऊन जाते किंवा बॅटरीवर येत नाही आणि चार्जर लावल्यावर येते. म्हणून बाजूला लहान यूएसबी खाच असलेला, म्हणजे हवी तर वेगळी वीज घेऊ शकणारा कन्व्हर्टर घेणे शहाणपणाचे. व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टरला तर यूएसबीची वीज जवळजवळ नेहमीच द्यावी लागते आणि त्याची यूएसबी शेपटी लोंबकळत सोडून देणे ही नेहमीची चूक आहे.

ओटीटीवरचे चित्रपट नक्कल रोखणाऱ्या एचडीसीपी या संरक्षणासह येतात. व्हीजीएमध्ये ते संरक्षण नसल्याने व्हीजीए प्रोजेक्टरवर डेस्कटॉप आणि स्लाइड नीट दिसतात, पण चित्रपटाच्या जागी काळा चौकोन दिसू शकतो. यावर अडॅप्टर बदलून उपाय नाही. एचडीएमआय असलेला पडदा वापरावा.

जुन्या टीव्हीला फक्त पिवळी, लाल आणि पांढरी छिद्रे असतील तर एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर मिळतो आणि त्याच्या बाजूची छोटी कळ आपल्याकडे ‘पाल’ (PAL, आपल्याकडच्या जुन्या टीव्हींची चित्रपद्धत) वर ठेवायची असते. सेट-टॉप बॉक्ससाठी तो ठीक आहे. लॅपटॉपवरची अक्षरे मात्र त्यावर वाचता येत नाहीत, हे घेण्याआधीच जाणून असावे.

टप्पा ७: केबलची लांबी

अडॅप्टर बहुधा छिद्राच्या बाजूचा, म्हणजे ‘फिमेल’ असतो. त्यापुढे पडद्यापर्यंतची केबल आपली आपण आणायची असते. फुल एचडीसाठी चांगली एचडीएमआय केबल १० मीटरपर्यंत सहसा त्रास देत नाही. ४के ६० हर्ट्झसाठी ५ मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल घेऊ नये. त्याहून लांब जायचे असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल किंवा कॅट ६ या नेटवर्कच्या तारेवर चालणारा एक्स्टेंडर घ्यावा. ऑप्टिकल केबलला दिशा असते. तिच्या एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ असे छापलेले असते. भिंतीतून किंवा पाइपमधून ओढण्यापूर्वी ते वाचावे, कारण उलटी टाकलेली केबल पुन्हा सगळी बाहेर काढावी लागते.

खबरदारी: छतावरच्या प्रोजेक्टरला जाणारी केबल आधी जमिनीवर जोडून चालवून पाहावी, मगच ओढावी.

टप्पा ८: जोडणीचा क्रम

१. पडदा चालू करून रिमोटने योग्य इनपुट निवडावा. टीव्हीला तीन एचडीएमआय असतील तर केबल ज्या क्रमांकाच्या पोर्टमध्ये आहे, तोच क्रमांक निवडावा.

२. कन्व्हर्टरला वेगळी वीज लागत असेल तर ती आधी द्यावी.

३. पडद्याकडचे टोक आणि मग उगमाकडचे टोक जोडावे. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू बोटांनी घट्ट करावेत, पेचकसाने आवळू नयेत. डिस्प्लेपोर्टचे टोक बहुधा खटका होऊन अडकते. काढताना त्यावरची कळ दाबूनच ओढावे, नाहीतर पोर्ट उखडतो.

४. डेस्कटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मागच्या बाजूला आडव्या ओळीत असलेल्या कार्डाच्या पोर्टमध्येच लावावी. वरच्या भागातले, यूएसबी पोर्टांच्या शेजारचे एचडीएमआय छिद्र मदरबोर्डचे असते आणि कार्ड बसवलेले असताना ते अनेकदा बंद असते.

५. विंडोजवर विंडोज कळ आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’ निवडावे. व्याख्यानासाठी डुप्लिकेट सोपे. वक्त्याला टिपणे स्वतःच्या पडद्यावर ठेवायची असतील तर एक्स्टेंड. मॅकवर सेटिंगमधील डिस्प्ले या विभागात हेच पर्याय मिळतात.

६. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ येथे जाऊन प्रत्यक्ष मिळालेले रिझोल्यूशन आणि हर्ट्झ वाचावेत. अडॅप्टर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी हे आकडे पाहणे महत्त्वाचे, कारण ६० म्हणून विकलेला हब ३० देत असल्याचे येथे नेमके कळते.

टप्पा ९: चित्र न आल्यास कशानंतर काय पाहावे

‘नो सिग्नल’ असे लिहून आले, तर निदान पडदा चालू आहे आणि त्याला काही पोहोचत नाही एवढे कळते. प्रथम इनपुटचा क्रमांक पाहावा. नंतर दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. मग विंडोज कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. त्यानंतर केबल बदलावी आणि सर्वात शेवटी अडॅप्टर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल आणि अडॅप्टर दोन्ही एकदम बदलल्यास दोष कोणात होता हे कधीच उमगत नाही.

चित्र येते पण पडदा ‘आउट ऑफ रेंज’ म्हणतो, तेव्हा लॅपटॉप त्याच्या कुवतीपलीकडचे चित्र पाठवत असतो. रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ आणि ६० हर्ट्झवर आणून तिथून एकेक पायरी वर जावे.

व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलेले किंवा अक्षरे थरथरती दिसली, तर मॉनिटरवरची किंवा प्रोजेक्टरच्या रिमोटवरची ‘ऑटो’ कळ दाबावी. ती दाबताना पडद्यावर कडेपर्यंत भरलेली उजळ खिडकी उघडी असावी. काळ्या पार्श्वभूमीवर यंत्राला चित्राची कड सापडत नाही आणि ते चुकीच्या जागी स्थिरावते.

टीव्हीवर टास्कबार किंवा चारही कडा कापल्या जात असतील तर दोष अडॅप्टरचा नसून टीव्हीच्या चित्र मोठे करण्याच्या सवयीचा असतो. चित्राच्या आकाराच्या पर्यायांत एलजीवर ‘जस्ट स्कॅन’ आणि सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ निवडावे.

रंग एकाएकी हिरवट, गुलाबी किंवा पिवळट झाले तर व्हीजीएच्या लाल, हिरव्या वा निळ्या तारेपैकी एकीचा संपर्क तुटलेला असतो. टोक काढून उजेडात धरावे आणि वाकलेली पिन दिसल्यास बारीक चिमट्याने हलकेच सरळ करावी. चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील किंवा दर काही सेकंदांनी पडदा काळा होऊन परत येत असेल, तर बहुधा एचडीएमआय केबल त्या वेगाला कमी पडत असते. रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर आणून पाहावा. ठिपके थांबले तर अधिक क्षमतेची किंवा आखूड केबल आणावी, अडॅप्टर तोच राहू द्यावा.